महाराजांची बदली

बँकेतला माणूस दोनच गोष्टींना भितो. एक मार्च महिना आणि दुसरी बदलीची ऑर्डर. वीस वर्षं मी बीड जिल्ह्यात कारकुनी करतो आहे. या काळात आष्टी, धारूर, अंबाजोगाई अशा तीन बदल्या पचवल्या आणि चौथीत बीडला घरी येऊन पडलो. पण गेल्या हिवाळ्यात आमच्या घरात जी बदली झाली, तिच्यापुढे या चारही बदल्या फिक्या. ती बदली माझी नव्हती. महाराजांची होती.

महाराज म्हणजे आमच्या आईचे आवडते कीर्तनकार. आईचं वय शहात्तर. गुडघ्यांनी राजीनामा दिल्यापासून तिचं सप्त्याला जाणं सुटलं. मग २०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा चिरंजीवांच्या अभ्यासासाठी घेतलेला दहा इंची टॅबलेट तिच्याकडे गेला. (चिरंजीवांनी त्यावर अभ्यास सोडून सर्व काही केलं होतं.) आई तो हातात घेत नाही. पोथी ठेवायच्या लाकडी स्टँडवर आडवा ठेवते, समोर बसते आणि सुरू करण्यापूर्वी नमस्कार करते. आईला अक्षर ओळख बेताची आणि इंग्रजीशी तर तोंडओळखही नाही. पण व्हिडिओच्या ॲपचा भूगोल तिला पाठ होता. ‘खालच्या ओळीत उजवीकडून दुसरं. मग वरून पहिले ते महाराज.’ एवढ्या पत्त्यावर ती पाच वर्षं रोज बिनचूक पोचत होती.

आणि एके दिवशी सकाळी खालची ओळच गेली.

“आरं, महाराज कुठं गेले?” माजघरातून हाक आली. मी दाढीचा फेस तसाच ठेवून धावलो. पाहतो तो पडदा निराळाच. खालची बटणं डाव्या कडेला, शाळेत शिक्षा झालेल्या पोरांसारखी एकाखाली एक उभी. मी कुठे तरी बोट ओढलं, तर महाराज सापडले, पण काड्यापेटीएवढे होऊन खालच्या कोपऱ्यात. उरलेल्या पडद्यावर भलतीच चित्रं.

“महाराजांना कोपऱ्यात बसवलं?” आईला खरोखरच वाईट वाटलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, “म्या काही नाही केलं बाबा. नुसतं बोट लावलं. माझंच काही चुकलं असंल.”

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. जमेला नावे लावणं हा माझा धर्म. पण ही चूक कुणाच्या नावे टाकायची ते मला कळेना. म्हणून पुण्यात इंजिनिअरिंग शिकणाऱ्या भाच्याला फोन लावला.

“मामा, बिघडलेलं नाही. रीडिझाइन आहे,” तो म्हणाला आणि मग अर्धा तास इतिहास सांगितला. तो असा : आयपॅड आला २०१० साली. पुढल्याच वर्षी गूगलने खास टॅबलेटसाठी अँड्रॉइडची हनीकोम्ब नावाची आवृत्ती काढली. तरीही कितीतरी ॲप्स फोनचीच ताणून मोठी केलेली राहिली. धाकट्याचा सदरा थोरल्याच्या अंगात कोंबावा तशी. २०२२ साली मोठ्या पडद्यांसाठी अँड्रॉइड १२एल आली आणि आपली वीसहून जास्त ॲप्स टॅबलेटसाठी नव्याने बेतणार, असं गूगलने जाहीर केलं. तेव्हापासून शिंपीकामाला जोर आला.

“पण ओळ डावीकडे का नेली?”

“आडव्या पडद्याला रुंदी भरपूर, उंची कमी. खालची ओळ उंची खाते. शिवाय टॅबलेट आपण दोन हातांनी दोन्ही कडांना धरतो. अंगठा कडेला पोचतो, खाली मध्ये पोचत नाही. शास्त्र आहे, मामा.”

“अरे, पण तुझी आजी तो धरतच नाही. पोथीच्या स्टँडवर ठेवते आणि एका बोटाने दाबते.”

फोनवर थोडा वेळ शांतता पसरली. मग भाचा म्हणाला, “हे त्यांच्या ध्यानात आलं नसेल.”

“आणि शेजारच्या काकूंच्या टॅबमध्ये ओळ अजून खालीच कशी?”

“सगळ्यांना एकदम देत नाहीत. आधी थोड्यांना देऊन बघतात.”

म्हणजे बदल्यांची यादी टप्प्याटप्प्याने लागते तर! एवढं मात्र मला लगेच समजलं.

आम्ही बीडकर बदलाला नाही म्हणत नाही, पण त्याला थोडा अवधी लागतो. नगर-बीड-परळी रेल्वे मंजूर झाली १९९५ च्या सुमारास, आणि बीडला गाडी आली १७ सप्टेंबर २०२५ रोजी. मानसिक तयारीला तीस वर्षं मिळाली. इथे आई रात्री ‘रामकृष्ण हरी’ म्हणून झोपली आणि सकाळी उठली तर स्टेशन हललेलं!

त्या कंपनीला एक खरमरीत पत्र लिहावं म्हणून मी रात्री बसलो. ‘महोदय’पर्यंत आलो आणि एकदम एक म्हातारा आठवला.

पंधरा एक वर्षांपूर्वीची गोष्ट. एका तालुक्याच्या शाखेत आम्ही नूतनीकरण केलं. काचा लागल्या, टोकन आलं, खिडक्यांच्या जागा बदलल्या. निराधारचे पैसे घेणारे एक बाबा दर महिन्याला खांबाजवळच्या खिडकीशी येत. त्या दिवशी तिथे पाण्याचा कूलर होता. बाबा पासबुक हातात धरून अर्धा तास त्या कूलरसमोर उभे राहिले. मला वाटलं, तहान लागली असेल. शेवटी मीच ओरडलो, “बाबा, एवढा मोठा बोर्ड लावलाय, वाचता येत नाही का?”

त्यांना खरोखरच वाचता येत नव्हतं. हात जोडून ते म्हणाले, “माझंच चुकलं, सायेब.”

मी ‘महोदय’ खोडलं आणि दिवा मालवला.

सकाळी बायकोने प्रश्न सोडवला. तिने आपल्या पाकिटातली एक लाल टिकली काढली आणि टॅबलेटच्या डाव्या काठावर, नेमक्या बटणाशेजारी चिकटवली. “आई, टिकली दिसली की तिच्या शेजारी बोट लावायचं.” आईने बोट लावलं. महाराज आले, आणि चांगले पडदाभर आले. आई प्रसन्न झाली. “टिकली लावली व्हय त्याला!” म्हणून वडील गेल्यानंतर पहिल्यांदाच इतकी मोकळी हसली.

मीही बँकेत गेलो आणि आमच्या काउंटरखाली लाल पट्टीचा एक बाण चिकटवला. साहेबांनी विचारलं, हे काय? म्हटलं, रीडिझाइन.

दोन महिन्यांनी ॲप पुन्हा बदललं. मी संध्याकाळी घाबरत घाबरत घरी आलो, तर माजघरात टाळ-मृदंग चालू. जवळ जाऊन पाहिलं. डाव्या कडेला एक नवं बटण घुसलं होतं आणि बाकीची सगळी खाली सरकली होती. टिकलीही बरोबर तेवढीच खाली आली होती.

“कुणी हलवली गं?”

“म्या,” आई पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. “गप बस आता, अभंग चाललाय.”