सायकलस्वाराचे कान

परमेश्वरानें मनुष्यास दोन्ही डोळे पुढच्या बाजूस दिले आणि पाठीची राखण कानांकडे सोंपविली. ही सोय किती मोलाची आहे, हें कळावयास आम्हांस वयाची साठी उलटावी लागली. आणि तेंही पुतणीच्या कृपेनें!

आमचें घर हिंगण्यास आहे. पुतणी रोज सकाळीं सायकलीनें लोकमान्यनगरच्या मेट्रो स्थानकापर्यंत जाते व तेथून पुढें कॉलेजांत. सायकलीवर असतांना तिच्या दोन्ही कानांत इअरफोन आणि त्यांत गाणें. वाटेंत एमआयडीसीचा भाग लागतो. तेथें ट्रक, कारखान्यांच्या बसगाड्या आणि पाळी गांठण्यासाठीं धांवणाऱ्या दुचाक्या यांची सकाळीं एकच गर्दी. मातोश्रींच्या कानांवर ही गोष्ट गेली मात्र, रात्रीं पंगतींतच प्रश्न निघाला. वहिनींचें म्हणणें, सायकल बंद करावी. मातोश्रींचें म्हणणें, गाणें बंद करावें. निकाल अर्थात् आमच्याकडे आला.

पुतणी म्हणाली, "काका, कांचा लावून मोटारींत गाणीं ऐकणाऱ्यांस कोणी बोलत नाहीं. ज्यांस मुळींच ऐकूं येत नाहीं, तेही सायकल चालवितात. मग माझ्याच गाण्यानें काय बिघडलें?"

प्रश्न बिनतोड होता. अनुभव न घेतां निकाल देणें बरें नव्हे, म्हणून आम्हीं तिचाच इअरफोन मागून घेतला आणि रविवारीं पहांटे सायकल काढली. रस्ता मोकळा, हवा गार, कानांत सनईवर भैरव! वानाडोंगरीकडे जातांना आम्हांस वाटलें, पोरीचें म्हणणें खरें आहे. त्याच आनंदांत चहाच्या टपरीकडे वळण्यासाठीं आम्हीं हँडल उजवीकडे फिरविलें. तोंच एक ई-रिक्षा आमच्या कोंपराला वारा घालून निघून गेली. चालकाचे ओंठ हालतांना दिसले. शब्द ऐकूं आले नाहींत. ते कोणते असावेत, याची कल्पना मात्र आली.

टपरीवर बसल्यावर हातांतील कप थरथरत होता. चाळीस वर्षें आम्ही मागें वळून न पाहतांच वळत आलों होतों, ही गोष्ट त्या दिवशीं प्रथम ध्यानांत आली. आमच्या नकळत कान रोज 'मागें कोणी नाहीं' असें सांगत होते. त्या दिवशीं त्यांचें तोंड बंद होतें. संवय मात्र तीच राहिली.

साधा हिशेब पाहावा. सायकल ताशीं १५ किलोमीटर आणि मागची मोटार ६०. दोघांतील अंतर सेकंदास साडेबारा मीटरांनीं तुटतें. पन्नास मीटरांवरून चाहूल लागली तर सांवरण्यास चार सेकंद मिळतात. पंचवीसांवरून लागली तर दोनच. विजेवर चालणाऱ्या गाड्यांस तर इंजिनाची घरघरही नसते. त्यांच्या चाकांचा बारीक आवाज गाण्याखालीं सहज बुडतो.

'एकच कान मोकळा ठेवावा' अशी तडजोड कोणी सुचवील. परंतु आवाज कोणत्या बाजूनें आला, हें ठरविण्यास दोन्ही कान लागतात. एका कानाशीं तो दुसऱ्याच्या आधीं पोंचतो. हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असला, तरी मेंदू त्यावरून दिशा ओळखतो. एक कान बुजला, तर गाडी आली हें कळेल. कोणीकडून आली, हें नीट कळणार नाहीं.

सरकारें तरी कोठें एकमतानें वागतात! फ्रान्सनें १ जुलै २०१५ पासून सायकलस्वारांस इअरफोन मना केला. दंड १३५ युरो. हॉलंडनें १ जुलै २०१९ पासून सायकलीवर हातांत फोन धरणें बंद केलें, पण इअरफोनास हात लावला नाहीं. मात्र तेथें सायकलींस जागोजाग वेगळे मार्ग आहेत. आमच्या हिंगणा रस्त्यावर सायकल आणि ट्रक शेजारीं शेजारीं चालतात. आपल्याकडील १९८८ च्या कायद्याच्या व्याख्येंत पायांनीं चालणारी सायकल मोटार वाहनच नव्हे. तेव्हां येथें आपला शहाणपणाच काय तो शिपाई.

रात्रीं पंगतींत आम्हीं घडलेली हकीकत जशीच्या तशी सांगितली. मातोश्रींनीं कपाळास हात लावला. पुतणीस आम्ही म्हणालों, "मोटारवाल्यास आरसे असतात आणि भोंवतीं पत्र्याचें कवच असतें. बहिऱ्यास आपण बहिरे आहों हें ठाऊक असतें. म्हणून तो वळण्याआधीं मागें पाहतो. आपण अर्ध्या तासापुरता बहिरेपणा उसना घेतों. त्याची सावधगिरी मात्र घेत नाहीं."

ती आधीं हंसली, मग गप्प झाली. आम्हीं नुसता हुकूम सोडला असता, तर कोंपऱ्यापर्यंत तो पाळला गेला असता आणि पुढें इअरफोन पुन्हां कानांत गेले असते, हें आम्ही ओळखून आहों. आतां ते पिशवींत असतात आणि मेट्रोंत बसल्यावर बाहेर निघतात. तिनें मात्र एक अट घातली: काकांनीं सायकलीस आरसा लावावा आणि तरीही मागें पाहूनच वळावें. वडीलपण बाजूस ठेवून आम्हीं ती मान्य केली आहे.