गिअर एकवीस, लागतात तीनच!

माउंटन बाइक घेऊन मारेगावला? तिथे माउंटन कुठंय? खरंय, नाहीये. यवतमाळ जिल्ह्यातला हा तालुका म्हणजे एका अंगाला वर्धा नदी, अधूनमधून सागाचं जंगल, बाकी सगळी कपाशी.

सपाट म्हणजे सोपं वाटतंय? पावसानंतर काळ्या मातीत सायकल घालून बघाच. टायरवर चिखलाचे थर चढत जातात, ब्रेकपाशी अडकतात आणि चाक फिरायचंच थांबतं. मग सायकल खांद्यावर! उन्हाळ्यात त्याच मातीला भेगा आणि बाभळीचे काटे तर बारमाही. पंक्चर किट मस्ट. टायरमध्ये हवा जरा कमीच ठेवा, पकड चांगली मिळते.

पण खरा प्रश्न वेळेचा. याच जिल्ह्यातल्या राळेगाव भागात नोव्हेंबर २०१८मध्ये अवनी वाघिणीला गोळी घालण्यात आली. १३ माणसांचे बळी तिच्या नावावर सांगितले जात होते. त्यामुळे पहाटेची राइड मी बादच केलीय. ऊन चढल्यावर निघायचं, वळणावर घंटी वाजवायची. माझं ठीक आहे, मी वेळ निवडू शकते. जंगलाला लागून शेत असलेल्यांचं काय? कापूस वेचायला निघालेल्या बाया घोळक्याने जातात, मोठमोठ्याने बोलत. त्यातल्या एकीने मला थांबवलंच, "काम नाही, त कायले जाता वो बाई जंगलात?"

फिटनेससाठी, असं तोंडावर आलं होतं. तिच्या डोक्यावरचं ओझं बघून गप्प बसले.