अप, डाऊन आणि गार्डकाका

कर्जत-खालापुरात कुणी ‘वर चाललोय’ म्हणाला की समजायचं, स्वारी लोणावळ्याला किंवा पुण्याला. ‘खाली’ म्हणजे कल्याण, पनवेल. रेल्वेचं नेमकं उलटं. बोरघाट चढते ती डाऊन आणि घाट उतरून कर्जतला येते ती अप. मुंबईकडे तोंड असलं की झाली अप. शिरस्ता विलायतेचा; तिकडे लंडनकडे जाणारी गाडी अप. जीआयपी कंपनीने १८६३ साली घाटातून रूळ नेले, पण डोंगराला कोण विचारतो!

हे मला समजावलं भिसेगावातल्या आमच्या शेजाऱ्यांनी, गार्डकाकांनी. मालगाडीवर असत. (२०२२पासून गार्डला ट्रेन मॅनेजर म्हणतात. काकांना हे बिलकूल पसंत नाही.) ओसरीवर पाटाखाली लाटणं सरकवून ते घाट करायचे. चढ ३७ला १, म्हणून डाऊन गाडीला कर्जतला मागून ढकलणारी इंजिनं, बँकर, लागतात, हे आम्हा पोरांना ठाऊक होतं. काकांना धास्ती अप गाडीची. पाटावरून सुपारी सोडत आणि विचारत, “आता हिला धर बघू!” म्हणून उतरणारी गाडी घाटात ठरल्या जागी उभी करायची, ब्रेक धरतायत याची खात्री करायची, मगच पुढे सोडायची. जी थांबलीच नाही, तिच्यासाठी चढावर नेलेला आंधळा रूळ, कॅच सायडिंग.

बारावीनंतर कल्याणच्या कॉलेजात नाव घातलं आणि माझं अपडाऊन सुरू व्हायच्या बेतात होतं, तेवढ्यात बाबांचं खोपोलीच्या कारखान्यातलं काम सुटलं. घाट व्हायच्या आधी, १८५६पासून, गाडी खोपोलीलाच संपायची. पुढे पालखी नाहीतर तट्टू. आमच्या घराचीही गाडी तिथेच अडली. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी करत रोज जाणारा माणूस दिवसभर अंगणात बसू लागला. फी कशीबशी भरली, पासाचं जमेना. काका कुणाला न सांगता खिडकीवर गेले आणि तिमाही पास माझ्या हातात ठेवला.

“काका, बाबांना काम लागलं की...”

“संपायच्या आधी चार दिवस सांग, म्हणजे झालं.”

पुढचे पासही त्यांनीच काढले. बाबांना बराच काळ हे ठाऊक नव्हतं, आईला होतं.

नोकरी लागल्यावर पाकीट घेऊन गेलो. काकूंनी ते माझ्याच खिशात कोंबलं. काका म्हणाले, “पैशाचं राहू दे. माझे पेन्शनचे कागद सगळे इंग्रजीत येतात, तेवढे बघत जा.”

तेव्हापासून नोव्हेंबरातला हयातीचा दाखला माझ्याकडे. आता तो मोबाइलवर चेहरा दाखवून निघतो आणि काकांच्या नातवाला ते माझ्यापेक्षा झटपट जमतं. तरी नोव्हेंबर लागला की काकांचा फोन येतोच, “कागदाचं बघायचंय, ये.” मी जातो. नातू दाखला काढतो, मी शेजारी बसून नाव, नंबर तपासल्यासारखं करतो आणि काकू दोघांनाही चहा देतात.