दॅट ठेवायचा की काढायचा?

२२ जुलै २०२५, मंगळवार
दहावीला आज अप्रत्यक्ष कथन घेतले. एका मुलीने विचारले, "सर, गाइडात 'ही सेड दॅट' आहे अन् गोष्टीच्या पुस्तकात नुसतंच 'ही सेड'. बरोबर कोणतं?" दोन्ही बरोबर. से, थिंक, होप अशा रोजच्या क्रियापदांनंतर दॅट गाळला तरी वाक्य उभे राहते. पण 'दोन्ही चालते' एवढ्यावर सोडणे म्हणजे अर्धेच शिकवणे. ठेवण्याला कारण असते, काढण्यालाही असते आणि ते शिकवता येते.

२४ जुलै, गुरुवार
फळ्यावर लिहिले: 'द गार्ड सेड यस्टरडे द टेम्पल क्लोज्ड अर्ली.' पहारेकरी काल बोलला, की मंदिर काल लवकर बंद झाले? वर्गात दोन तट पडले. मग दॅट एकदा यस्टरडेच्या आधी घातला, एकदा नंतर. वाद मिटला. मराठीत 'की' हेच काम करतो आणि तो कुठे घालावा हे या मुलांना कुणी शिकवलेले नाही. जाण त्यांच्यापाशी आहेच, इंग्रजीच्या तासाला ती बाहेर काढायची आहे.

दॅट किंवा हू नामाला जोडून येतो तेव्हा कसोटी कर्त्याची. 'द बुक दॅट आय बॉट'मधला दॅट जातो, कारण 'आय' हा कर्ता हजर आहे. 'द मॅन हू केम'मधला हू जात नाही, तिथे तोच कर्ता. इंग्रजीला कर्ता हवाच, हे इतरत्रही दिसते: पावसाच्या वाक्यात मुले 'इज रेनिंग' लिहितात. मराठी क्रियापद कर्त्यावाचून चालते, इंग्रजीला मात्र तिथे 'इट' लागतोच.

२६ जुलै, शनिवार
औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा होत आहे, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. मुलांना त्यावर इंग्रजीत लिहायला दिले होते. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेत टिपलेल्या गुरुत्वीय लहरींविषयी एकाने लिहिले: 'सायंटिस्ट्स फाउंड द सिग्नल केम फ्रॉम टू ब्लॅक होल्स.' व्याकरण निर्दोष. तरी वाचणारा 'सिग्नल सापडला' असे धरून चालतो, 'केम'पाशी ठेचकाळतो आणि मागे फिरतो. फाउंडनंतर दॅट आला की वाचन अडत नाही. विज्ञान लिहिणाऱ्याने हा एक शब्द वाचवू नये.

२८ जुलै, सोमवार
पहिला श्रावणी सोमवार. औंढ्याच्या मंदिरात नागनाथाच्या दर्शनाला पहाटेपासून रांग. संध्याकाळी वर्गासाठी नियम लिहून काढले. वाक्य छोटे, बोलणे घरगुती, तर दॅट काढा. मध्ये दिवस-वेळ आली, वाक्य लांबले किंवा वाचणाऱ्याचे इंग्रजी आपल्यासारखेच नवे असेल, तर ठेवा. या आठवड्यापासून निबंधाच्या वहीत प्रत्येकाने एक दॅट ठेवायचा, एक काढायचा आणि समासात कारण लिहायचे. गुण कारणाला.