दान नव्हे, मोबदला

गेल्या हिवाळ्यात आमच्या वस्तीतील आम्ही अकराजण धम्मयात्रेला गेलो. पत्रकात बोधगया, सारनाथ, कुशीनगर आणि लुंबिनी छापले होते. आईने धुणीभांडी करून त्यासाठी पैसे साठवले होते. कुशीनगरला संयोजक म्हणाले, "बसला नेपाळचे परमिट नाही. लुंबिनी रद्द." आई खिडकीशी गप्प बसून राहिली.

परतल्यावर पैसे मागितले, तर म्हणाले, "दादा, धम्माच्या कामात हिशेब कसला?" काहींना ते पटलेही. पण विहारात देतो ते दान. यात्रेसाठी भरतो तो मोबदला. ठरलेली सेवा दिली नाही, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ती त्रुटी ठरते. पत्रक व पावतीच्या प्रती जोडून मी नोटीस पाठवली. लुंबिनीच्या वाट्याचे पैसे परत आले. 'आपलाच माणूस' म्हणून पावती न घेतलेले दोघे मात्र हात चोळत बसले.

बंधू-भगिनींनो, ठिकाणे, मुक्काम आणि परताव्याची अट आधी लेखी घ्या. दाद मिळाली नाही तर १९१५ वर फोन करा, किंवा २ वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात जा. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असल्यास फी नाही; वकीलही सक्तीचा नाही.

आईने ते पैसे डब्यात जपून ठेवलेत. लुंबिनी अजून बाकी आहे. जयभीम!