निळ्या पडद्यावरचे नाव

आमच्या वेळी शाळेच्या संगणक कक्षात चार संगणक होते. त्यांपैकी कोपऱ्यातला एक कार्यालयाच्या कामाचा. शिष्यवृत्तीच्या याद्या, वसतिगृहाचा हिशेब, बुद्ध जयंतीची निमंत्रणपत्रिका, सारे त्याच्यातच असे. कक्षाची किल्ली दहावीच्या आम्हा तिघांकडे होती आणि तिचा अभिमान आम्हाला जरा अधिकच होता.

२००७ च्या पावसाळ्यात तो संगणक मध्येच बंद पडून आपोआप पुन्हा सुरू होऊ लागला. पडदा क्षणभर निळा होई, त्यावर पांढरी अक्षरे उमटत आणि वाचण्याआधीच नाहीशी होत. विंडोज एक्सपीची मूळ मांडणीच तशी होती. ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ या शब्दांसमोरची खूण काढून टाकल्यावर अक्षरे पडद्यावर टिकली. त्यांत डिस्प्ले ड्रायव्हरच्या फाईलचे नाव होते.

आदल्या शनिवारी आठवीतल्या एका मुलाने त्याच संगणकावर सीडीवरून एक गेम टाकला होता, आणि गेम चालेना म्हणून नवा डिस्प्ले ड्रायव्हरही. आमचा तपास तिथेच संपला. अधीक्षक सरांना आम्ही त्याचे नाव सांगितले. त्याला कक्षात येण्यास मनाई झाली. शिष्यवृत्तीच्या याद्या अडल्याची बातमी वसतिगृहभर झाली होती, त्यामुळे पंगतीत त्याच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली. रविवारच्या धम्मवर्गात कालाम सुत्त लहान मुलांना आम्हीच समजावून सांगत होतो, हे आठवले की आज मान खाली जाते.

सेफ मोडमध्ये जाऊन आम्ही तो ड्रायव्हर काढला, जुना बसवला, गेम पुसून टाकला. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी पुन्हा निळा पडदा. या वेळी नाव निराळे होते, नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरचे. आम्ही तोही बदलला. मग थेट विंडोजच्याच एका फाईलचे नाव आले, आणि त्रुटीचा क्रमांकही वेगळा.

आमच्यापैकी एकाला प्रत्येक गोष्ट वहीत उतरवून ठेवण्याची खोड होती. तिची आम्ही फार थट्टा केली होती. त्या वहीत पाच वेळची पाच नावे एकाखाली एक पाहिली, तेव्हा प्रथमच शंका आली. एकच ड्रायव्हर दोषी असता, तर नाव दर वेळी का बदलावे? पडद्यावर दिसते ते कोसळण्याच्या क्षणी काम करीत असलेल्या फाईलचे नाव. तिच्या हाती चुकीची माहिती कोणी दिली, हे तो पडदा सांगत नाही.

संगणक शिकविणाऱ्या सरांनी मेमटेस्टची सीडी आणून दिली. ही चाचणी विंडोज सुरू न करताच रॅम तपासते. रात्रभर ती चालू ठेवली. पहाटे वंदनेपूर्वी जाऊन पाहतो तो पडदा लाल ओळींनी भरलेला. २५६ एमबीच्या दोन पट्ट्या होत्या. खोडरबराने त्यांचे सोनेरी दात घासले, खाचेतली धूळ फुंकली, तरी लाल ओळी हटेनात. मग एकेक पट्टी वेगळी लावून पाहिली. दुसरी पट्टी कोणत्याही खाचेत बसवली तरी चुकत होती. ती काढून ठेवली आणि संगणक एकाच पट्टीवर, संथ का होईना, पण न अडखळता चालू लागला.

मग गेम टाकल्यावरच बिघाड का दिसला? सरांनी तेही उलगडून सांगितले. एरवीच्या टंकलेखनाला थोडीच मेमरी लागे, रॅमच्या खराब भागाला सहसा हात लागत नसे. गेमने जवळजवळ सारी मेमरी व्यापली आणि आधीपासून असलेला दोष उघडा पडला.

त्या सायंकाळी आम्ही त्या मुलाला कक्षात बोलावले. वहीच्या पहिल्या पानावर ‘कारण’ या शब्दापुढे आमच्याच अक्षरात त्याचे नाव होते. ते आम्ही त्याच्यासमोर खोडले. तो बराच वेळ लाल ओळी पाहत राहिला. मग त्याने एवढेच विचारले, “दादा, माझा नंबर शनिवारीच ना?”

आम्ही ‘हो’ म्हणालो. क्षमा मागण्याचे त्या दिवशी आम्हा तिघांनाही सुचले नाही. ती येथे मागत आहोत. ही स्मरणिका त्याच्याही घरी जाईल.