मुधोळची खेप

बेळगावहून गोकाकमार्गे मुधोळला जायला जीपगाडीला तीनएक तास लागतात. हा रस्ता मला परका नाही. धाकटी बहीण जमखंडीला दिलेली, त्यामुळे वर्षाकाठी एक खेप ठरलेलीच. गोकाक मागे पडले की दुतर्फा उसाचे फड लागतात, घटप्रभेचे पाणी पाटांतून झुळझुळताना दिसते, आणि प्रवासाचा शीण वाटेनासा होतो. पण गेल्या कार्तिकातली ती खेप तशी नव्हती. गाडीत मागे पोत्यावर आमचा पवन बसला होता. बसला होता हे म्हणण्यापुरते. खरे तर तो उभा होता, गरगर फिरत होता, काचेवर नाक घाशीत होता. आणि मी त्याला कायमचा परत करावयास निघालो होतो.

पवन हा मुधोळ जातीचा कुत्रा. यालाच कारवानी असेही म्हणतात. निमुळते तोंड, खोल छाती, पाठीला लागलेले पोट आणि लांबसडक पाय. मेहुण्यांनी आणून दिला तेव्हा तो वेताच्या करंडीत मावत होता. आठ-दहा महिन्यांत त्याने घराचे रणांगण केले. चपला गेल्या, छत्री गेली, तपासावयास आणलेल्या वह्यांचा एक गठ्ठाही गेला. दारात पाहुणा आला की याचे पुढचे दोन्ही पाय त्याच्या खांद्यावर. बांधले तर साखळीला हिसडे देत भुंके, सोडले तर अंगणात भिंगरी. मी ओरडलो की त्याला वाटे, हाही खेळात आला! अखेर दसऱ्यानंतर एका सकाळी, तुळशीला पाणी घालणाऱ्या माझ्या ऐंशी वर्षांच्या आईवर त्याने मोठ्या प्रेमाने झेप घेतली आणि तिचे मनगट मोडले.

त्या रात्री घरात पवनचा विषय कोणी काढला नाही. निर्णय झाल्याचेच ते लक्षण होते. प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन आई एवढेच म्हणाली, "मुक्या जनावराला काय कळतंय रे? पण आता मला अंगणात जायची भीती वाटते." त्यापुढे कोणता युक्तिवाद चालणार?

मुधोळ हे घोरपड्यांच्या संस्थानाचे गाव. दहाव्या शतकातला कन्नड महाकवी रन्न इथलाच. संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले, १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत म्हैसूर राज्यात गेले आणि १९९७ पासून ते बागलकोट जिल्ह्यात आहे. नकाशावरच्या रेषा बदलल्या, तरी कुत्र्याच्या नावातले मुधोळ तेवढे टिकले. श्रीमंत मालोजीराव घोरपडे यांनी शिकारी लोकांजवळचे हे चपळ कुत्रे हेरून त्यांची निगुतीने जोपासना केली आणि इंग्लंडच्या पाचव्या जॉर्ज बादशहाला एक जोडी भेट दिली. २००५ साली टपाल खात्याने याचे तिकीट काढले. २०१६ साली लष्कराच्या मीरतच्या केंद्राने प्रशिक्षणासाठी पिल्ले नेली. एवढ्या मानाच्या कुळातला हा एक नग मी मात्र सांभाळू शकलो नाही, ही बोच मनात घेऊनच मी गावाबाहेरच्या त्या वस्तीवर उतरलो.

पिल्लू जिथून आले ते शेतकरी माझ्याच वयाचे. बोलणे कानडी वळणाचे, पण मराठी स्वच्छ. त्यांच्या लिंबाखाली पवनच्याच रक्ताचे चार कुत्रे पाय ताणून निवांत पडले होते. आमची गाडी आली तशी त्यांनी मान उचलली, पाहिले, आणि पुन्हा खाली टेकवली. मी थक्क झालो.

"मास्तर, ह्याला पळवता किती?" त्यांनी विचारले.

"सकाळी अर्धा तास गल्लीतून फिरवतो. साखळी धरून."

"आणि मग?"

"मग बांधलेला असतो."

ते हसले. "शाळेत पोरांना दिवसभर बाकाला बांधता काय ओ?"

मी काही बोललो नाही. माझ्या सातवीच्या वर्गात एक मुलगा आहे; पाच मिनिटे जागेवर टिकत नाही. गेले वर्षभर त्याला मी दाराशी वेगळा बसवीत आलो होतो. तो मुलगा त्या क्षणी डोळ्यांसमोर उभा राहिला.

त्यांनी पवनला कुंपण घातलेल्या मोकळ्या रानात सोडले. तो धावला, तसा मी त्याला कधी पाहिलाच नव्हता. चारी पाय जमिनीपासून सुटलेले, पाठीचा कणा धनुष्यासारखा वाकून पुन्हा ताठ होणारा. दहा मिनिटांत जीभ बाहेर काढून तो परत आला आणि सवयीने त्यांच्या अंगावर उडाला. त्यांनी ना हात उगारला, ना शब्द काढला. नुसती पाठ फिरवली. पवन पुन्हा उडाला, पुन्हा पाठ. गोंधळून तो क्षणभर चारी पायांवर उभा राहिला, तोच त्यांनी भाकरीचा तुकडा त्याच्या तोंडाशी धरला. असे सात-आठ वेळा झाले. नंतर पवन समोर उभा राहून नुसता पाहू लागला.

"परत घ्यायला माझी ना नाही," ते म्हणाले. "पण दोन महिने असं करून बघा. नाही जमलं तर आणून सोडा."

मुधोळजवळ तिम्मापूरला या जातीसाठी विद्यापीठाचे संशोधन केंद्र आहे. दुसऱ्या दिवशी तिथे गेलो. तिथल्या डॉक्टरांनी आधी पवनला तपासले. जंत, खरूज किंवा दुखणे असले तरी जनावर अस्वस्थ होते, असे ते म्हणाले. मग सांगितले की सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंतचा काळ म्हणजे कुत्र्याचे अडनिडे वय. ही जात नजरेने शिकार हेरणारी. हलते ते दिसले की पाय सुटणार, म्हणून उघड्या रस्त्यावर याला कधी सोडू नये. आणि पळणे जितके हवे, तितकीच झोपही हवी. सतत छेडलेला कुत्रा दमलेल्या तान्ह्यासारखा अधिकच पिसाळल्यागत करतो.

पवन माझ्याबरोबरच परत आला. घरच्यांचे चेहरे वाचण्यासारखे होते. मी दोन महिन्यांची मुदत मागून घेतली.

पहाटे साडेपाचला शाळेच्या कुंपणातल्या मैदानावर लांब दोरीने त्याला पळवू लागलो. त्यानंतर दहा मिनिटे रमतगमत हुंगू देणे. दुपारी नारळाच्या करवंटीत भाकरीचे तुकडे दाबून भरून देणे. ते उकरण्यात त्याचा अर्धा तास जाई आणि मग झोप लागे. सकाळ-संध्याकाळ पाच-पाच मिनिटांची शिकवणी: 'बस', 'थांब', आणि ओसरीवरच्या पोत्यावर जाऊन पडणे. पाहुण्यांना दारातच विनंती, की तो खाली उभा राहीपर्यंत त्याच्याकडे बघू नका. सर्वांत अवघड होते ते माझे ओरडणे थांबवणे. तीस वर्षांची सवय ती!

आई पहिले काही आठवडे माजघराच्या अडसराआडून पाहत असे. एके दिवशी तिने आपण होऊन डाव्या हाताने भाकरीचा तुकडा अडसरावरून खाली टाकला, तो चारी पायांवर उभा असताना. पुढे तो तिचा नेमच झाला.

पवन अजून चुकतो. वाण्याचा मुलगा सायकलवरून आला की त्याला राहवत नाही. तेव्हा मी दोरी धरून उभा राहतो आणि वाट पाहतो. सातवीतल्या त्या मुलाकडे मी तासांची घंटा देण्याचे काम सोपवले आहे. दर तासाला तो एकदा धावत जातो आणि परत येऊन बऱ्यापैकी बसतो. माझ्या लक्षात यायला वर्ष लागले, हे मात्र त्याला सांगण्याचे धैर्य अद्याप झालेले नाही.

संक्रांतीच्या सकाळी आई तांब्या घेऊन अंगणात उतरली. मी दोरीकडे हात नेला. पवन पोत्यावरून उठला, तिच्याकडे पाहिले, आणि शेपूट हलवीत जागच्या जागी उभा राहिला. तिने तुळशीला पाणी घातले, प्रदक्षिणा घातली, आणि ओसरीशी येऊन म्हणाली, "भाकरी कुठे ठेवली आहेस रे? हा उभा आहे बघ केव्हाचा."